उत्तरेच्या खिडकीत

काउंटरवरच्या बाईने बाटली उचलली, डोळ्यांपुढे धरून एकदा फिरवली आणि म्हाताऱ्याला परत दिली. बाटलीला काळा कागद गुंडाळलेला होता आणि त्याला तळाशी नखाएवढी चीर गेली होती. “कागद फाटलाय, आजोबा. उजेड गेला आत. आता हे फुकट.” म्हाताऱ्याने सांगून पाहिलं की फट एवढीशीच आहे आणि आतला ऐवज जसाच्या तसा आहे. रांगेत कुणीतरी हसलं. काउंटरवरची बाई हसली नाही. दिवसातून दहा वेळा तेच सांगावं लागणाऱ्या माणसाच्या सपाट आवाजात म्हणाली की ह्या तपासणीत लघवीला उजेड लागला की जे शोधायचं तेच नाहीसं होतं, मग मशीन कितीही भारी असो, रिपोर्टात काही नाही असंच येणार. आता नवीन आणा, आणि सांगितलं होतं ना, कागदाला हात लावायचा नाही. त्याच्यामागे मी तिसरी होते. माझ्या हातात रक्त तपासायची चिठ्ठी होती, दीड वर्षातली कितवी ते मोजणं मी सोडलं होतं, आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि मी त्या बाईच्या बोटांकडे बघत राहिले. चार महिन्यांपूर्वी ह्याच बोटांनी अशीच एक काळ्या कागदातली बाटली माझ्याकडे सरकवली होती. माझा नंबर आला तेव्हा मी रांगेतून बाजूला झाले आणि भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसले. मागच्या बाईने विचारलं, तुम्ही नाही का जात? मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नसावं.

कागद मी काढला होता. चुकून निघाला नव्हता, फाटला नव्हता. चिकटपट्टीचं टोक नखाने उचलून, तापलेल्या लेकराच्या अंगातला झगा काढावा तसा सावकाश काढला होता. कारण मला वाटलं होतं की ती लाज आहे. बाईने तेव्हाही सांगितलं असणार, कागद काढू नका. पण तिच्या कानाशी फोन होता, मागे रांग होती आणि माझ्या मनात राग आधीच तयार होता. बायकांच्या वस्तू दुकानदार कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो, जणू आपण चोरीचा माल नेतोय, तसलाच हा प्रकार असं मी धरून चालले. आणि मुंगी झाल्यापासून मला असल्या गोष्टींची लाज उरली नव्हती. जी बाई अडीच वर्षं लंगोट उलगडून पोरीच्या पोटाचा अंदाज बांधत आली, तिला स्वतःच्या बाटलीची कसली लाज? मुंगी म्हणजे माझी मुलगी, साडेतीन वर्षांची. स्वतःपेक्षा मोठी वस्तू दिसली की ती ओढत न्यायची हा तिचा धर्म, म्हणून नाव मुंगी. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात एक रिकामं पातेलं ओढत होती आणि मी बाटली घेऊन खिडकीत गेले. आमच्या घरात उत्तरेला तोंड करून एकच खिडकी आहे आणि घर बघायला आलो तेव्हा मी सगळ्यात आधी तीच पाहिली होती.

मी रंगाच्या कारखान्यात शेड जुळवते. गिऱ्हाईक कुठलं तरी कपाट, दार, भिंतीचा पोपडा आणून देतं आणि म्हणतं, अगदी हाच. मग आम्ही मिसळत बसायचं. थेंब काळ्याचा, थेंब गेरूचा, पांढऱ्या कार्डावर पट्टी ओढायची, वाळू द्यायची, मूळ तुकड्याशेजारी धरायची. ज्यांनी मला शिकवलं ते मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, बाई, दिव्याखाली रंग गोड बोलतो आणि उन्हात आरडाओरडा करतो. खरं ऐकायचं तर उत्तरेच्या उजेडात न्या. अकरा वर्षं मी तेच केलं. भाजी घेतली की खिडकीत, मुंगीला पुरळ आलं की खिडकीत, नवऱ्याचा चेहरा उतरलेला वाटला तर त्याला दंडाला धरून खिडकीत. तो म्हणायचा, अगं मी माणूस आहे, डबा नाही. तर बाटलीही खिडकीत गेली, कुणी सांगावं लागलं नाही, हातानेच नेली. मागे पांढरं कार्ड उभं केलं. दहा वाजता रंग फिकट चहाचा होता. अकराला त्यात तांबूस आलं. साडेबाराला, मुंगीला भरवून परत गेले तेव्हा, आम्ही जुन्या लाकडी फर्निचरसाठी एक पॉलिश बनवतो, त्याच्या दुसऱ्या हाताचा तो रंग होता, लालसर तपकिरी, आणि मला त्यात कशाचे किती थेंब पडतील ते तोंडपाठ सांगता आलं असतं. मला तो सुंदर वाटला. हे मी कुणाला सांगणार? पोटात सुरी फिरत होती, एका हाताने ओट्याची कड धरली होती आणि मी माझ्याच लघवीचा रंग बघून मनात म्हणत होते, छान उतरलाय. मग दोनच्या आत द्यायची म्हणून कागद पुन्हा गुंडाळला. माझ्या हाताला सफाई आहे. चिकटपट्टी जुन्याच खुणेवर बसली. काउंटरवरच्या बाईने अशीच फिरवून पाहिली आणि घेतली.

रिपोर्ट आला, काही नाही. त्याआधी पोटाचे फोटो काही नाही, आतड्यातली दुर्बीण काही नाही, रक्त काही नाही. पण ही शेवटची शंका होती. डॉक्टरबाईंनी ती मला समजावून सांगितली होती. रक्त तयार होण्याच्या कामात एक पायरी कच्ची असते, जन्मापासून, त्या पायरीवर माल साठत जातो आणि एखाद्या दिवशी सगळ्या नसांना आग लागते. पॉर्फिरिया. लाखात एखादीला. रिपोर्ट आल्यावर त्यांनी फायलीत त्या नावावर रेघ मारली, रेघ मारताना मला वाईट वाटू नये म्हणून हसल्या आणि मनाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. त्यात त्यांचा काय दोष? माझं दुखणं महिन्याला पाच दिवस येतं आणि डॉक्टरांची वेळ मिळेस्तोवर जातं. नवरा म्हणायचा, तुझा रोग आमच्या ऑफिसातल्या मुरलेल्या कारकुनासारखा आहे, तपासणीला साहेब आले की रजेवर. आधी मीही हसायचे. मग तो एकटाच हसायला लागला आणि मग तोही थांबला.

मनाचे डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या खेपेला, पाणी पुढे करावं तसा एक प्रश्न पुढे केला: तुम्ही स्वतःहून कधी काही घेता का, म्हणजे दुखावं म्हणून, लोकांनी लक्ष द्यावं म्हणून? तसं करणारी माणसं असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी नाही म्हटलं. नवरा शेजारच्या खुर्चीवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आणि मला कळलं की हा प्रश्न त्याच्या मनात त्यांच्याही आधी येऊन गेलाय. त्या दिवसापासून मी दुखणं लपवायला शिकले. न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा, बादली भरेपर्यंत टॉवेल दातात धरायचा. मुंगी दाराबाहेर उभी राहून विचारायची, दुखतंय? मी म्हणायचे, नाही गं, कपडे धुतेय. तिने विश्वास ठेवला असं मला वाटत राहिलं. पण एकदा माझ्या मांडीवर बसताना ती आधी अधांतरी थांबली, माझ्या तोंडाकडे बघत, आणि मग गुडघ्याच्या अगदी टोकाला टेकली, खुर्चीवर कुणी ओला टॉवेल टाकलेला असावा तशी. मोठी होऊन पोरगी सगळं विसरेल, हे टेकणं विसरणार नाही.

येत्या रविवारी तिची आत्या तिला घेऊन जाणार होती. दुसऱ्या गावी, तुला बरं वाटेपर्यंत. हे ठरलं तेव्हा मी भाजी चिरत होते आणि कुणी मला विचारतही नव्हतं, सांगतही नव्हतं, बोलणं माझ्या अंगावरून चाललं होतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या की आम्हीही बाळंतपणं काढली, पण असं अंथरूण नाही धरलं. आणि मग मऊ होऊन, पोरीचे हाल होतात गं, तुझेही होतात. वाईट मनाने कुणीच काही बोलत नव्हतं. भांडायला कुणी सापडत नव्हतं हेच तर. आणि बरं वाटेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत? ज्या दुखण्याला नाव नाही त्याला तारीख कुठून येणार? मी मनातल्या मनात त्या नावाला शोधत होते, हरवलेल्या किल्लीसारखी सगळीकडे, दुसऱ्यांच्या खिशात, डॉक्टरांच्या टेबलांवर. आणि आता ह्या बाकावर कळत होतं की किल्ली माझ्याच हातात होती आणि मी ती अडीच तास उजेडात धरून वितळवली होती.

सांगायला हवं होतं. डॉक्टरबाई ह्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसतात. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी बाटली उघडली, अडीच तास तिच्याशी काहीबाही केलं आणि पुन्हा कुणाला कळणार नाही अशी बंद करून दिली. हे वाक्य मी बाकावर बसून तीन-चार तऱ्हांनी जुळवून पाहिलं. कुठल्याही उजेडात नेलं तरी त्याचा रंग एकच दिसत होता. मनाचे डॉक्टर मान डोलावतील. नवरा घड्याळाकडे बघेल. आणि गप्प राहिले तर ती रेघ तशीच राहणार, गोळ्या चालू राहणार, रविवारी मुंगीची पिशवी भरली जाणार. वेडी ठरून सुटायचं की शहाणी ठरून मरायचं? मला उमगलं की मी कधीची हाताची बोटं मोजतेय, दोन्ही हातांची, आणि डाव्या करंगळीला स्पर्श कळत नाहीये. मी जिना चढले. लिफ्ट होती, पण लिफ्टच्या आरशात मला स्वतःकडे बघायचं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी आत घेतलं ते दोन पेशंटांच्या मध्ये दोन मिनिटं म्हणून. मी उभ्याउभ्याच सांगितलं. रंग सांगताना मात्र माझा आवाज स्थिर झाला, कारण तेवढंच मला येतं: दहाला असा, अकराला असा, साडेबाराला असा. त्या पेनाचं टोपण लावत होत्या, ते लावायचं राहिलं. म्हणाल्या, “उजेडात रंग बदलला, हीच तर त्या रोगाची खूण, हे तेव्हा का नाही सांगितलंत?” मी म्हटलं की पुढच्या खेपेला सांगितलं होतं, लघवी गडद होते, आणि तुम्ही म्हणालात पाणी जास्त प्या. त्यांनी फाईल ओढली, ती रेघ शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता विचारतील, स्वतःहून काही घेता का. त्यांनी विचारलं, “तपासणीसाठी उपाशी राहता तेव्हा दुखणं वाढतं का?” मी मोजलं. दुर्बिणीच्या आधी एक दिवस उपास, नंतर पाच दिवस कळा. फोटोच्या आधी उपास, नंतर कळा. दीड वर्षं ते मला तपासायला उपाशी ठेवत होते आणि उपास मला तपासण्यांकडे परत पाठवत होता. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम कुणाच्या तरी थकलेल्या मावशीसारख्या दिसल्या. म्हणाल्या की झोपेच्या गोळ्या आजपासून बंद, ह्या रोगात त्याही आग भडकवतात, एक वेळही उपाशी राहायचं नाही, आणि दुखायला लागलं की थेट इथे यायचं, दुखत असतानाच, कारण पकडायचं तर तेव्हाच. रविवार असला तरी. मी खाली सांगून ठेवते. आणि करंगळीचं ऐकून त्यांनी माझा हात हातात घेतला, माझी बोटं दाबत म्हणाल्या की ह्यापुढचा झटका हातापायांवर, श्वासावर जाऊ शकतो, तेव्हा कृपा करून तो ओढवून घेऊ नका. ‘ओढवून’ म्हणताना त्या माझ्याकडे नीट बघत होत्या.

तो बुधवार होता. नवऱ्याला मी जेवताना सांगितलं. तो ऐकत गेला, घास तसाच. शेवटी म्हणाला, बरं, म्हणजे आता पुन्हा तपासणार. मी म्हटलं, दुखलं की. तो म्हणाला, आणि नाही दुखलं तर? आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता, ऑफिसातून येऊन पोरीला न्हाऊ घालून भांडी घासणाऱ्या माणसाचा. ताईचं तिकीट झालंय, म्हणाला, पंधरा दिवस जाऊ दे मुंगीला, मग बघू. मला माहीत आहे ‘मग बघू’ कसं असतं. पंधरा दिवसांनी तिला तिथली शाळा, तिथला पंखा, तिथली उशी लागते. आधी रडते, मग फोनवर यायचा कंटाळा करते, मग आईचं तोंड आठवताना आईच्या फोटोतलं तोंड आठवते.

गुरुवारी दुखलं नाही. शुक्रवारी मी कारखान्यात गेले, मास्तरांनी एक निळा दिला, तो पहिल्या फटक्यात जुळला, आणि पोट असं निवांत होतं की मला त्याची चीड आली. इतके महिने नको असताना दारावर लाथा मारत आलास आणि आज बोलावतेय तर पत्ता नाही. तेव्हा डबा मी उघडला नाही. भूक नव्हती असं नाही. डबा उघडला नाही, तो तसाच घरी नेला आणि जेवण वाढताना म्हटलं की आज कारखान्यातच खाणं झालं. शनिवारी सकाळी नवरा आत्याला आणायला गेला होता आणि मुंगी पुढे बसून दूध पीत होती, आई तू खा ना, म्हणून तिने बिस्किटाचा ओला तुकडा माझ्या ओठांना लावला. मी ओठ मिटले. लेकीच्या हातचा घास मी ओठ मिटून परतवला, आणि तो तिने थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मला चुकून कळलं नसेल असं समजून. लोक माझ्याबद्दल जे म्हणायचे ते मी आता खरोखर करत होते. स्वतःहून. दुखावं म्हणून. लोकांनी लक्ष द्यावं म्हणून. मनाच्या डॉक्टरांनी पाण्यासारखा पुढे केलेला प्याला मी तीन महिन्यांनी उचलून तोंडाला लावला होता. हा विचार आला तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मला फक्त हिशेब सुचत होता: चोवीस तास, छत्तीस तास, ये.

रविवारी साडेदहाला ते आलं. आत्या मुंगीचे कपडे घड्या करून पिशवीत ठेवत होती, मोठ्या मायेने, प्रत्येक बाहीवरून हात फिरवत, आणि मी मुंगीची वेणी घालत होते. आधी पाठीत, मग बेंबीच्या मागे, मग ओळखीचं ते पिळणं. वेणीचा तिसरा पदर माझ्या हातातून सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. बोटं मिटतच नव्हती. मुंगीने मान वळवली आणि विचारलं, “दुखतंय?”

“हो,” मी म्हटलं. “खूप दुखतंय.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ती घाबरेल असं वाटलं होतं. तिने फक्त हात वर केला, मला माहितीच होतं अशा थाटात, आणि अर्धी वेणी स्वतःच धरून ठेवली, सुटू नये म्हणून. मी नवऱ्याला हाक मारली. मला उभं राहता येईना तेव्हा त्याने काखेत हात घालून उचललं आणि आत्या कपडे टाकून उठली, म्हणाली वहिनी तुम्ही पांढऱ्याफटक पडलात, मी पोरीला सांभाळते. मुंगी मात्र माझ्या पदराला अशी लटकली की तिला सोडवण्यात वेळ घालवायची कुणाची छाती झाली नाही. टॅक्सीत ती माझ्या मांडीवर, आणि ह्या वेळी ती गुडघ्याच्या टोकाला टेकली नाही, सगळं वजन टाकून बसली. नवरा पुढच्या सीटवरून मागे वळून माझ्याकडे बघत होता. त्याने विचारलं, “काल जेवली होतीस?” मी नाही म्हटलं. “परवा?” मी नाही म्हटलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. त्याच्यामागे काच उन्हाने तापली होती आणि उजेड वाईट होता. त्याने ड्रायव्हरला जरा जोरात चला म्हणून सांगितलं, मग हात मागे करून माझी बोटं धरली. त्याने धरली हे मला दिसलं, कळलं नाही.

सिग्नलला गाडी थांबली आणि मला वाटलं, कळ ओसरतेय. खरंच ओसरत होती की मीच सवयीने पोट आवळून तिला दाबत होते? मी श्वास सोडला. सैल सोडलं सगळं, येऊ दिलं. मुंगी गाडीच्या हेलकाव्याने पेंगायला लागली होती. ती आणखी लहान असताना तिला असं संध्याकाळी प्रवासात झोपू द्यायचं नाही असा माझा नेम होता, एकदा झोपली की मग रात्रभर घर जागं. म्हणून मी तिच्याशी काय वाटेल ते बोलत राहायचे, ती बघ गाय, तो बघ लाल दिवा, आलंच हं घर, गाल चोळायचे, तळवे हलवायचे. आता ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली, अर्धी वेणी सुटून माझ्या तोंडात आली, आणि मी तिला झोपू दिलं. मी दुसऱ्याच कुणाला जागं ठेवत होते. डोळे मिटू नकोस, मी आतल्या कळेला म्हणत होते, तो बघ पूल, तो बघ दवाखान्याचा रस्ता, एवढा वळसा राहिलाय. बरोब्बर तिथेच राहा. आलंच हं. आलंच.